कुडाळ-मालवणचा आमदार कशावर ठरतो? हद्द, यादी आणि मतांचं गणित

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आणि सिंधुदुर्गात जुनाच प्रश्न पुन्हा निघाला: जिल्ह्याचे आमदार तीनच राहणार, की दोनावर येणार? त्याचं उत्तर नुसत्या अंदाजाने देता येत नाही. पण हा धक्का जिल्ह्याला याआधी एकदा बसला आहे. २००८ साली मालवण हा मतदारसंघ नकाशावरून गेला आणि कुडाळ नावाचा नवा मतदारसंघ आला. त्याच्या आधी काय होतं, नंतर काय झालं, हे आकड्यांसकट पाहिलं तर पुढचा प्रश्न बराच सोपा होतो.

निवडणुकीचा इतिहास म्हटला की आपण यादी उघडतो. साल, विजेता, पक्ष. कुडाळ-मालवणच्या बाबतीत ही यादी सरळ वाचली तर हमखास चुकीचा निष्कर्ष निघतो. इथे पक्षाचा रकाना सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी हद्द कुठे होती ते बघायचं, मग मतदार यादीत कोण होतं आणि मग रिंगणात कोण कोणाच्या बाजूने उभं होतं ते.

## हा मतदारसंघ म्हणजे नेमका कुठला भाग?

विधानसभेचा २६९ क्रमांकाचा कुडाळ मतदारसंघ म्हणजे कुडाळ आणि मालवण हे दोन तालुके. उत्तरेला कणकवली मतदारसंघ (कणकवली, देवगड, वैभववाडी), दक्षिणेला सावंतवाडी (सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग). जिल्ह्याचे आठ तालुके, तीन मतदारसंघ, आणि कुडाळ बरोबर मध्ये. हे 'मध्ये' असणं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दोन तालुक्यांचा स्वभाव वेगळा. मालवणात आचरा, तळाशील, सर्जेकोट, तारकर्ली, देवबाग अशी किनाऱ्याची गावं. पोट मासळीवर आणि आता पर्यटनावर. कुडाळ तालुका किनाऱ्यापासून आत, थेट सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत. रेल्वे, महामार्ग, एमआयडीसी, ओरोसचं जिल्हा मुख्यालय हे सगळं या बाजूला. पर्ससीन नेट (माशांचा थवा वेढून उचलणारं मोठं जाळं) हा विषय निघाला की दांडी किंवा देवबागला वातावरण तापतं. सह्याद्रीकडच्या गावात त्याच वेळी भाताचा दर, काजू बीचा भाव आणि हत्ती-गव्यांनी केलेलं नुकसान यावर बोलणं चालू असतं. आमदार मात्र दोघांचा एकच.

## मालवण मतदारसंघ: पंधरा वर्षांचा बालेकिल्ला

त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात. हा सगळा पट्टा लोकसभेला राजापूर मतदारसंघात होता आणि तिथे समाजवाद्यांची पकड होती. बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ साली निवडून आले. त्यांच्या निधनानंतर मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले आणि १९९१ ला काँग्रेसच्या सुधीर सावंत यांच्याकडून हरले.

तोवर गावागावात शिवसेना पोचली होती. तिचा रस्ता मुंबईवरून आला. गिरणगावात, बेस्टमध्ये, गोदीत काम करणारा कोकणी माणूस तिथल्या शाखेत बसत होता आणि गणपतीला गावी येताना ती शाखा सोबत आणत होता. नारायण राणे हे याच वाटेने आले: मुंबईत नगरसेवक, बेस्ट समितीचे अध्यक्ष आणि १९९० साली मालवणचे आमदार. १९९५, १९९९, २००४ असे तेच निवडून येत राहिले. १९९९ साली काही महिने ते मुख्यमंत्रीही होते.

२००५ च्या जुलैत त्यांनी शिवसेना सोडली, काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि नोव्हेंबरमध्ये मालवणला पोटनिवडणूक झाली. राणे काँग्रेसच्या हाताच्या चिन्हावर जिंकले आणि शिवसेनेच्या उमेदवाराची अनामत जप्त झाली.

अनामत जप्त होणं म्हणजे काय ते एकदा सांगतो. विधानसभेला उभं राहताना सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये भरावे लागतात. हरलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत, तर ते पैसे सरकारजमा होतात. म्हणजे ज्या पक्षाने पंधरा वर्षं ही जागा राखली, त्याच्या वाट्याला वर्षभरात सहातलं एक मतही उरलं नाही. यादीत पक्षाचा रकाना वाचणाऱ्याला हे उलगडत नाही. इथे मतं पक्षाच्या खात्यात नव्हती, माणसाच्या खात्यात होती.

## २००८: मालवण नावाचा मतदारसंघच गेला

आता पुनर्रचना म्हणजे काय ते बघू. लोकसंख्या सगळीकडे सारखी वाढत नाही. काही भाग फुगतो, काही रिकामा होतो. मग एका आमदारामागे कुठे पाच लाख माणसं, कुठे दोन लाख, अशी विषमता तयार होते. ती दूर करायला मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखतात. हे काम स्वतंत्र आयोग करतो. गेल्या वेळी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर ते केलं आणि २००८ पासून ते लागू झालं.

गणित साधं आहे, हातानेही करता येतं. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. विधानसभेच्या जागा २८८, त्या वाढवायच्या नव्हत्या. भागाकार केला की एका जागेमागे सुमारे ३,३६,४०० माणसं येतात. आता जिल्ह्याची लोकसंख्या या आकड्याने भागायची. सिंधुदुर्ग ८,६८,८२५, म्हणजे २.५८, जवळचा पूर्णांक ३. रत्नागिरी १६,९६,७७७, म्हणजे ५.०४, मिळाल्या ५. त्या वेळचा ठाणे जिल्हा (पालघरसह) ८१,३१,८४९, म्हणजे २४.१७, मिळाल्या २४.

सिंधुदुर्गात याआधी सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड असे चार मतदारसंघ होते. चाराचे तीन झाले. रत्नागिरीत खेड आणि संगमेश्वर गेले, साताचे पाच झाले. कोकणातून गेलेला माणूस मुंबईच्या उपनगरात आणि ठाण्यात मोजला गेला. त्याच्यामागोमाग जागाही तिकडे गेल्या.

मालवण आणि कुडाळ एकत्र आल्यावर काय होतं? भाताच्या दोन कुणग्यांमधला बांध काढून एक कुणगा केला तर नव्या कुणग्याचं पीक जुन्या एकाच कुणग्याच्या पिकाशी ताडून बघता येत नाही. पाणीही नव्या उताराने वाहायला लागतं. २००४ चा मालवण आणि २००९ चा कुडाळ हे असेच दोन वेगळे हिशेब आहेत. 'मालवणने अमुक इतक्या वेळा तमुकाला निवडून दिलं' असं लिहिताना २००८ पाशी रेघ मारून नवा हिशेब सुरू करायला हवा. बहुतेक जण ती रेघ मारत नाहीत.

हद्दी बदलल्यावर नेते कसे हलतात याचं उदाहरण शेजारीच आहे. खेड मतदारसंघ गेल्यावर रामदास कदम २००९ ला गुहागरला उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या भास्कर जाधवांकडून हरले. त्याच वर्षी नव्या कणकवलीत भाजपचे प्रमोद जठार अवघ्या ३४ मतांनी जिंकले. नव्या हद्दीत कोणाचा जोर कुठे आहे, याचा कोणालाच नेमका अंदाज नव्हता.

## कुडाळच्या चार निवडणुका

२००९ ला काँग्रेसकडून नारायण राणे, शिवसेनेकडून वैभव नाईक. राणे जिंकले. त्याच वर्षी लोकसभेला नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात त्यांचे चिरंजीव नीलेश राणे यांनी सुरेश प्रभूंना हरवलं होतं.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. २०१४ ला वैभव नाईक ७०,५८२, नारायण राणे ६०,२०६. मताधिक्य १०,३७६. २०१९ ला वैभव नाईक ६९,१६८, अपक्ष रणजीत देसाई ५४,८१९. मताधिक्य १४,३४९. २०२४ ला नीलेश राणे ८१,६५९, वैभव नाईक ७३,४८३. मताधिक्य ८,१७६.

हे आकडे दोनदा वाचा. २०१४ ते २०१९ दरम्यान नाईक यांची मतं १,४१४ ने कमी झाली, तरी मताधिक्य वाढलं. २०१९ ते २०२४ दरम्यान त्यांची मतं ४,३१५ ने वाढली, तरी ते हरले. तिन्ही वेळा त्यांचा आकडा सत्तर हजारांच्या आसपासच राहिला. निकाल फिरवला तो समोरच्या बाजूने: साठ हजार, मग पंचावन्न हजार, मग एकदम ब्याऐंशी हजार.

## मतं वाढूनही माणूस हरतो कसा?

आपल्या पद्धतीत ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकतो. निम्म्याहून जास्त मिळवायची अट नाही. त्यामुळे माझी मतं किती, याइतकंच समोरची मतं एका जागी आहेत की विखुरलेली, याला महत्त्व येतं.

२०१४ ला सप्टेंबरच्या शेवटी युतीही तुटली आणि आघाडीही. शिवसेना, भाजप, काँग्रेस, राष्ट्रवादी सगळे वेगवेगळे लढले. राणे यांच्या विरोधातली नाराजी मात्र जास्त करून एकाच उमेदवाराकडे गेली. विशेष म्हणजे त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात, त्याच काँग्रेसकडून नारायण राणे यांचे दुसरे चिरंजीव नीतेश राणे शेजारच्या कणकवलीत २५,९७९ मतांनी जिंकले. तेव्हा 'जिल्ह्याने राणेंना नाकारलं' हे वाक्य जितकं अर्धवट, तितकंच 'जिल्हा राणेंचा आहे' हेही. दोन मतदारसंघांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

२०१९ ला कागदावर शिवसेना-भाजप युती होती आणि कुडाळ शिवसेनेकडे होतं. काँग्रेस सोडल्यावर राणे यांनी काढलेला स्वाभिमान पक्ष त्याच सुमारास भाजपमध्ये विलीन झाला, पण त्यांचं बळ होतं अपक्ष उमेदवारामागे. चिन्ह नवं, उमेदवार राणे घराण्याबाहेरचा, आणि भाजपचा मतदार युतीधर्म की स्थानिक नेते या पेचात. पंचावन्न हजारांवर गाडी थांबली.

२०२४ ला हे सगळे तुकडे जोडले गेले. राणे यांचा गट, भाजप आणि शिंदे यांची शिवसेना एका बाजूला, उमेदवार घरचाच. पहिल्या दोघांची मिळून मतं २०१९ ला १,२३,९८७ होती, ती १,५५,१४२ झाली. वाढलेल्या ३१,१५५ मतांपैकी २६,८४० राणे यांच्या बाजूला गेली, म्हणजे दर शंभरातली ८६. राज्यभरातच त्या वर्षी मतदान २०१९ च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ च्या घरात गेलं होतं. नवा मतदार आणि पूर्वी घरी बसणारा मतदार एका बाजूने जास्त बाहेर काढला, हा त्याचा सरळ अर्थ.

एक सावधगिरी. नाईक यांचा आकडा स्थिर दिसतो म्हणून मतदारही तेच होते असं धरू नका. २०१९ ला त्यांच्या पक्षाची युती भाजपशी होती, २०२४ ला काँग्रेस आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीशी. काही हजार मतं गेली असतील आणि तितकीच आली असतील. एकूण बेरजेत ही अदलाबदल दिसत नाही. ती पकडायची तर केंद्रनिहाय आकड्यांत उतरावं लागतं.

## 'पण आमच्याकडे लोक धनुष्यबाण बघूनच मत देतात'

हा आक्षेप रास्त आहे. चिन्हाची सवय खरी असते, विशेषतः वयस्क मतदारांत. पण या मतदारसंघात ते धनुष्यबाण कुणाकुणाच्या हातात होतं ते बघा. १९९० ते २००४ नारायण राणे. २०१४ आणि २०१९ ला त्यांना व त्यांच्या उमेदवाराला हरवणारे वैभव नाईक. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, त्यामुळे २०२४ ला धनुष्यबाण नीलेश राणे यांच्याकडे आणि नाईक यांच्याकडे मशाल.

चिन्हाने निकाल ठरत असता तर २००५ ला धनुष्यबाणाची अनामत गेली नसती. चिन्हाचा फायदा काठावरच्या लढतीत होतो, काही हजारांचा. २०२४ च्या ८,१७६ च्या मताधिक्यात त्याचा वाटा असू शकतो. किती, ते कोणी सिद्ध करू शकणार नाही.

## 'मग मुद्द्यांना काही किंमतच नाही का?'

आहे. पण मुद्दा मतपेटीपर्यंत पोचताना बदलतो.

२६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी त्याचं अनावरण झालं होतं, म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. राज्यभर संताप उसळला. याच मतदारसंघातली घटना, आणि मतदान तीन महिन्यांच्या आत, २० नोव्हेंबरला. बाहेरून बघणाऱ्या अनेकांना वाटलं की सत्ताधारी बाजू इथे अडचणीत येणार. तसं झालं नाही.

कारण शोधायला फार लांब जायला नको. ४ जूनच्या लोकसभा निकालात नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले होते आणि सिंधुदुर्गातल्या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत त्यांना आघाडी होती, कुडाळसकट. पुतळ्याच्या आधीच जमीन एका बाजूला कललेली होती. जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये सुरू झाले होते, आणि हा बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असलेला जिल्हा आहे: २०११ ला दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. पुतळ्याच्या रागाने मतं हलली असतील, पण उलट दिशेने लागलेला जोर जास्त होता.

मासेमारीचा मुद्दा याहून वेगळ्या पद्धतीने काम करतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) ओढणारा किंवा छोट्या होडीने जाणारा पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन नेटवाले यांचा वाद मालवणात वर्षानुवर्षं धुमसतोय. पर्ससीन जाळं माशांचा अख्खा थवा वेढून उचलतं. रात्री एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करणारे त्यावर कडी करतात. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली, पण समुद्रात गस्त कोण घालणार हा प्रश्न उरतोच. किनाऱ्यावरची गावं संख्येने थोडी असली तरी एकगठ्ठा मतदान करू शकतात. २०१४ च्या निकालाची कारणं सांगताना पारंपरिक मच्छीमारांची नाराजी आवर्जून घेतली गेली. दहा हजारांच्या फरकात किनाऱ्यावरच्या काही वाड्या एका बाजूला झुकल्या तरी तराजू हलतो.

## चाकरमानी मतदार: कायदा काय म्हणतो

कोकणातल्या प्रत्येक निवडणुकीत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची चर्चा होते. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेला राज्यातले नेते का येतात, तेही यावरूनच कळतं: तिथे गावचा आणि मुंबईचा मतदार एकाच रांगेत भेटतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम २० सांगतं की तुम्ही जिथे 'सामान्यतः राहता' तिथेच नाव असायला हवं. गावात घर तुमच्या मालकीचं आहे, एवढ्याने तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. उलट कामासाठी काही काळ बाहेर गेलात, एवढ्याने रहिवास तुटतही नाही. गोंधळ या दोन वाक्यांमधल्या जागेत आहे. डोंबिवलीत पंचवीस वर्षं राहणारा, मुलं तिथेच शिकलेली, फक्त गणपती-शिमग्याला येणारा माणूस कायद्याने डोंबिवलीचा मतदार. सहा महिने गोव्याच्या बोटीवर कामाला जाणारा आणि बायको-मुलं देवबागला असलेला माणूस देवबागचाच.

दोन ठिकाणी नाव ठेवणं कलम १७ प्रमाणे चालत नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जागा बदलली असेल तर नमुना ८ भरायचा. तिथे नेहमीची चूक अशी होते: लोक नव्या ठिकाणी नमुना ६ भरून नवीन नाव घालतात आणि जुनं तसंच राहतं. नमुना ६ फक्त पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यासाठी आहे. मयत किंवा कायम गेलेल्याचं नाव काढायला नमुना ७.

आणि गाड्यांबद्दल: उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी भाड्याची गाडी करून मतदारांना मतदान केंद्रावर फुकट नेलं-आणलं, तर १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३(५) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. कणकवलीतल्या त्या ३४ मतांचा विचार करा. एका लहान बसमध्ये बसतील इतकी माणसं.

## पुढची पुनर्रचना: तीनाचे दोन होतील का?

आता मूळ प्रश्नाकडे. २०११ ला राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. त्याला २८८ ने भागलं की सुमारे ३,९०,२००. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ पेक्षा १९,१७४ ने घटून ८,४९,६५१ झाली होती. भागाकार २.१८. रत्नागिरी १६,१५,०६९, भागाकार ४.१४. म्हणजे २०११ च्या आकड्यांवर पुनर्रचना झाली असती तर सिंधुदुर्गाला २ आणि रत्नागिरीला ४ जागा आल्या असत्या. त्या दशकात राज्यातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: मुंबई शहर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. हीच वाट पुढे चालू राहिली असेल तर २०२७ चे आकडे यापेक्षा सोयीचे येण्याची शक्यता कमी.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'विधानसभेच्या जागाच वाढणार, मग काळजी कशाला?' वाढू शकतात. घटनेच्या कलम १७० प्रमाणे विधानसभेत ५०० पर्यंत सदस्य असू शकतात, आणि जागांच्या एकूण संख्येवरची बंदी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. पण किती वाढल्या तर सिंधुदुर्ग वाचतो, हेही मोजता येतं. २०११ ला राज्याच्या लोकसंख्येत जिल्ह्याचा वाटा ०.७५६ टक्के होता. भागाकार अडीचच्या वर जायचा तर विधानसभा किमान ३३१ जागांची हवी. त्याखाली कितीही वाढवल्या तरी पूर्णांक दोनच येतो. आणि ३३१ करूनही जागा तीन राहिल्या, तरी सभागृहातलं वजन कमीच झालेलं असेल: २८८ मध्ये तीन आणि ३३१ मध्ये तीन यात फरक आहे.

दोन जागा झाल्या तर नकाशा कसा दिसेल? मतदारसंघ शक्यतो जिल्ह्याच्या आत ठेवायचा आणि तालुके कमीत कमी तोडायचे, हा गेल्या वेळचा दंडक होता. उत्तरेच्या तीन आणि दक्षिणेच्या तीन तालुक्यांमध्ये कुडाळ-मालवण आहे. लोकसंख्येचे दोन सारखे भाग करायचे तर रेघ याच पट्ट्यातून जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मालवण उत्तरेला देवगड-कणकवलीबरोबर, कुडाळ दक्षिणेला सावंतवाडीबरोबर, असं झालं तर किनाऱ्यावरचे देवगड आणि मालवण तरी एकत्र येतील. मच्छीमारांच्या दृष्टीने ती रचना आताच्यापेक्षा बरी ठरेल, असं माझं मत. पण मालवण तालुकाच मधून तोडला तर किनाऱ्याचं मत दोन्हीकडे अल्पसंख्य होऊन बसेल.

'मतदार कमी, पण भाग मोठा आणि डोंगराळ. मग आमदार पोचणार कसा?' हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्यात तथ्य आहे. आंबोली घाटापासून तिलारीपर्यंत पसरलेल्या मतदारसंघात फिरणं आणि ठाण्यात थोड्या चौरस किलोमीटरात फिरणं सारखं नाही. कायद्यात भौगोलिक वैशिष्ट्यं, दळणवळण आणि लोकांची सोय लक्षात घ्यावी असं म्हटलं आहे. पण ते हद्द आखताना. जिल्ह्याला जागा किती, हे ठरवताना मुख्य माप लोकसंख्याच राहतं. एका माणसाचं एक मत सगळीकडे सारख्या वजनाचं असावं, हे त्यामागचं तत्त्व, आणि ते डावलून कोकणाला सूट मागणं अवघड आहे.

आणखी एक गोष्ट याला जोडलेली आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आणि अंमलबजावणी जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी बांधली. २८८ च्या हिशेबाने त्या ९६ होतात. १९९० पासून मालवणातून आणि मग कुडाळातून एकदाही स्त्री आमदार झालेली नाही.

## आकडे स्वतः कसे तपासायचे

नमुना २० मागा. निकालानंतर निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येक मतदान केंद्राची मतं या तक्त्यात लिहितो, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर तो मिळतो. दोन निवडणुकांची तुलना करताना केंद्राचा क्रमांक जुळवू नका. मतदार वाढले की केंद्र फुटतं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. गावाचं आणि वाडीचं नाव जुळवा, फुटलेल्या केंद्रांची बेरीज करा. टपाली मतं शेवटी एकत्र असतात, ती गावांवर वाटता येत नाहीत. २०१३ नंतरच्या तक्त्यात 'नोटा'चा वेगळा रकाना असतो. किनाऱ्यावरची गावं एकत्र, कुडाळ शहर आणि महामार्गालगतची एकत्र, सह्याद्रीकडची एकत्र, असे तीन गठ्ठे केले तरी कुठली मतं हलली ते दिसायला लागतं.

पुनर्रचनेचा मसुदा येईल तेव्हा कामाला येईल ते हे: आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, केंद्रीय निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी आणि राज्य निवडणूक आयुक्त असतात. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मत देण्याचा अधिकार नसतो. मसुदा राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रांत छापून हरकती मागवतात, मग जाहीर सुनावणी होते. अंतिम आदेशाला कायद्याचं बळ मिळतं आणि घटनेच्या कलम ३२९ मुळे त्यानंतर कोर्टाची वाट फार अरुंद उरते. जे बोलायचं ते मसुद्याच्या टप्प्यावरच. 'आमचा तालुका तोडू नका' एवढं लिहिलेली हरकत टिकत नाही, कारण त्यात पर्याय नसतो. महाराष्ट्राच्या गेल्या आदेशात हद्दी तालुका, महसूल मंडळ आणि साजा (एका तलाठ्याकडची गावं) या एककांत लिहिल्या होत्या. हरकतही त्याच एककांत लिहा. कुठलं मंडळ इकडून काढायचं, कुठलं तिकडून घ्यायचं, दोन्हीची जनगणनेतली लोकसंख्या किती आणि बदलानंतर दोन्ही मतदारसंघांची बेरीज सरासरीच्या किती जवळ येते, हे सगळं मांडा. मुदतीच्या आत द्या आणि पोच घ्या.